लिफ्टच्या भिंतीलगतची वाइन

आमचे भाऊजी दारुडे असते, तर लोकांना समजावणं निदान सोपं गेलं असतं. घरात शंभरावर वाइनच्या बाटल्या, आणि माणूस वर्षातून दोनदा अर्धा ग्लास घेणार. तोही असा, की पितोय की गुळणी करतोय ते कळू नये. उरलेलं वर्षभर त्या बाटल्यांची राखण करणार.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंद्यानं लिफ्ट मेकॅनिक. हात काळे आणि बोलणं गोड. हा नाद त्यांना लिफ्टनंच लावला. एका जुन्या हॉटेलचा मालक दोन मजल्यांच्या मधे अडकला होता आणि आत घाबरून रडकुंडीला आला होता. भाऊजींनी दाराच्या फटीतून त्याच्याशी गप्पा मारत मारत त्याला बाहेर काढलं. म्हाताऱ्यानं खूश होऊन एक बाटली दिली आणि बजावलं, "लगेच उघडू नका. आडवी ठेवा, अंधारात ठेवा, गार ठेवा, आणि अजिबात हलवू नका. बघा मग वीस वर्षांनी काय होते ती."

आयुष्यभर लोकांना वरखाली हलवत आलेल्या माणसाला हे न हलवणं इतकं का भावलं, देव जाणे. पण भावलं. दुसरी बाटली आली, तिसरी आली, ओव्हरटाइम केला की एक बाटली हे ठरूनच गेलं. मी चिडवायची, "भाऊजी, हे लोणचं कधी मुरणार?" ते गंभीरपणे सांगायचे, "मेव्हणीबाई, घाई करायची नाही. ती आत स्वतःचं काम करतेय." मूर्ती घडवणारा मूर्तीबद्दल जितक्या मायेनं बोलणार नाही तितक्या मायेनं हा माणूस बाटलीबद्दल बोलायचा.

आता एवढ्या बाटल्या ठेवायच्या कुठे? घर चौथ्या मजल्यावर, म्हणजे सगळ्यात वरचं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक चिंचोळी खोली. समोरच्या फ्लॅटला वर्षानुवर्षं कुलूप. वर गच्चीचा तापलेला स्लॅब. आधी बाटल्या पलंगाखाली गेल्या. तिथे ताईच्या केरसुणीचा धक्का लागायचा म्हणून भाऊजी स्वतः पालथे पडून केर काढू लागले. मग त्या स्वयंपाकघरातल्या माळ्यावर चढल्या. उन्हाळ्यात तिथे इतकं तापलं की बुचं वर आली आणि पिठाच्या डब्यावर लाल ओघळ उतरले. भाऊजी त्या दिवशी जेवले नाहीत. मग फ्रिज. ताईची भाजी बाहेर आणि बाटल्या आत. तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं, की फ्रिजमधली हवा कोरडी असते, बुचं आकसतात, शिवाय फ्रिजची मोटर सारखी थरथरते. बाटल्या परत बाहेर. ताई म्हणाली, "माझ्या भाजीला थरथर चालते ना? मग ती जाऊ दे आत." तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

शेवटी त्यांची नजर त्या चिंचोळ्या खोलीवर गेली. तिला खिडकी नाही. एक भिंत जिन्याकडे, एक लिफ्टच्या खड्ड्याकडे. भर उन्हाळ्यात आत गेलं की अंगावर गारवा यायचा. बाटल्यांसाठी याहून चांगली जागा सबंध घरात नव्हती. फक्त तिथे ताईचं शिलाई मशीन होतं.

ताई कपडे दुरुस्तीची कामं करायची. पँट आखूड कर, चेन बदल, कोट सैल कर. हात असा, की उसवलं कुठे होतं ते घालणाऱ्यालाही सापडू नये. मशीन चाललं की जमीन थरथरते, म्हणून मशीन बाहेरच्या खोलीत आलं, जेवायच्या टेबलाला खेटून. ताईनं कुरकूर केली नाही. ती म्हणाली, उजेड बरा आहे इकडे. ताईचं हे नेहमीचंच. कुणी तिच्या पायावर पाय दिला, तर ती आधी आपला पाय मधे आला म्हणून ओशाळणार.

भाऊजींनी मग त्या खोलीत जीव ओतला. लिफ्टचे सुटे भाग ज्या लाकडी खोक्यांतून येतात, त्यांच्या फळ्या तासून बाटल्या ठेवायला घोड्या केल्या. घोड्यांच्या पायांखाली मोटरखाली घालतात ते जाड रबर. कोपऱ्यात पाण्याचं घमेलं, हवा कोरडी पडू नये म्हणून. दाराच्या फटीला काळं कापड, भिंतीवर थर्मामीटर. प्रत्येक बाटली आडवी, लेबल वरच्या बाजूला, म्हणजे वाचायलाही हलवायला नको. आत जाताना चपला काढायच्या, हळू बोलायचं. मी एकदा आत शिंकले तर मला बाहेर काढलं. गंमत म्हणून सांगते, पण वॉशिंग मशीन जोरात फिरतं म्हणून त्यांनी त्याचं पिळायचं बटणच वापरायला मनाई केली आणि कपडे पिळायचं काम ताईच्या मनगटांकडे आलं, यात गंमत काही नव्हती.

एवढं करूनही एक गोष्ट त्यांना सलत राहिली. लिफ्ट. ती ज्या रुळांवरून वर सरकते, त्यांचे पकडीचे लोखंडी हात त्याच भिंतीत रोवलेले. लिफ्ट चौथ्या मजल्यावर आली की भिंतीत बारीक थरथर उठायची. मला तर ती कधी जाणवली नाही. भाऊजी मात्र तळहात भिंतीला लावून उभे राहायचे आणि सांगायचे, "बघ, आत्ता आली वर. जुन्या बाटल्यांच्या तळाशी गाळ बसतो ना, तो दर वेळी ढवळला जातो." डॉक्टरनं पेशंटची नाडी बघावी तसं तोंड करून सांगायचे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत लिफ्ट चौथ्या मजल्यावर यायची बंद झाली. तिसऱ्यापर्यंत नीट चालायची. भाऊजींनी सांगितलं, वरच्या दाराच्या लॉकचा पार्ट गेला, मॉडेल जुनं आहे, पार्ट मिळत नाही. त्या बिल्डिंगच्या लिफ्टचं काम त्यांच्याचकडे. घरातच मेकॅनिक, त्याच्यावर शंका कोण घेणार? बाकीच्या भाडेकरूंचं काही अडत नव्हतं. समोर कुलूप. अडत होतं एकट्या ताईचं.

ताईचे गुडघे गेलेले आहेत. सपाटीवर ती हळूहळू चालते, अगदी बाजारापर्यंत जाते. पण पायरी म्हटली की तिच्या कपाळावर घाम येतो. "एकच तर मजला आहे," भाऊजी म्हणायचे. "मी हात धरतो ना." पहिले काही दिवस धरलाही. मग त्यांच्या कामाच्या वेळा आणि ताईच्या वेळा जुळेनात. गिऱ्हाइकंही रोडावली. कोटाचं ओझं घेऊन वरचा मजला चढायला कोण येतंय? हळूहळू ताईचं खाली उतरणं थांबलं. पार्ट पुढच्या आठवड्यात येणार होता. तो कायमच पुढच्या आठवड्यात येणार होता.

आणि नेमकी याच काळात बटणवाली आजारी पडली.

बटणवाली म्हणजे ताईची मैत्रीण. कोपऱ्यावर तिचं बटणं, दोरे, चेन यांचं दुकान. ताई दोरा आणायच्या निमित्तानं जायची आणि तास दीड तास बसून यायची. दोघी मिळून सगळ्या गल्लीची उणीदुणी काढायच्या. ताई आमच्यासमोर कधी जे बोलली नाही, ते तिच्याशी बोलायची. मला कधी कधी हेवा वाटायचा, सख्खी बहीण मी आणि मन मोकळं करायला बटणवाली. तिला घशाचा आजार निघाला. ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. म्हणजे फोनचीही सोय संपली. डॉक्टरांनी तिच्या मुलीला सांगून टाकलं होतं, आता फार दिवस नाहीत.

ताईचा जीव टांगणीला लागला. तिला एकदा जाऊन तिच्यापाशी बसायचं होतं, बस. एका सकाळी ती कुणालाही न सांगता जिना उतरायला लागली. अर्ध्यात गुडघा अडकला, खालीही जाईना आणि वरही येईना. तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांनी मला फोन केला. आम्ही दोघांनी तिला खुर्चीत बसवून वर आणलं. गुडघा सुजून फुटबॉलएवढा झाला. मास्तर म्हणाले, तशीच खुर्चीत घालून खाली नेऊ की एक दिवस. ताई ओशाळून नको म्हणाली. भाऊजी तर हातापाया पडल्यासारखे बोलले, "अगं, कशाला हाडं मोडून घेतेस? पडलीस म्हणजे? पार्ट आलाच आहे म्हणून समज." आणि ताईनं तसं समजून घेतलं.

मी जाऊन बटणवालीला भेटून आले. ती उशीला टेकून बसली होती. गळ्याला बँडेज, मांडीवर पाटी. माझ्या मागे दाराकडे बघत राहिली. मग पाटीवर लिहिलं, "ती?" मी म्हटलं, येईल.

त्यानंतर एके दिवशी लिफ्ट पुरती बंद पडली. दुसऱ्या मजल्यावरचा कुणी आत अडकून आरडाओरडा करायला लागला. भाऊजी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला कामावर. म्हणून कंपनीनं त्यांचा जोडीदार पाठवला. हा जाडा, टकला, मनमिळाऊ माणूस, घरी येणं-जाणं असलेला. मी त्या दिवशी ताईकडेच होते. त्यानं अडकलेल्याला सोडवलं, लिफ्ट सुरू केली आणि वर येऊन म्हणाला, "वहिनी, आलोच आहे तर तुमच्या मजल्याचंही बघून टाकतो. एवढे महिने काय तो पार्ट मिळत नाही!"

ताईचा चेहरा असा उजळला! तिनं लगेच चहाचं आधण ठेवलं. तो गच्चीवरच्या लिफ्टच्या मशीनच्या खोलीत गेला आणि चहा उकळायच्या आत खाली आला. मागोमाग लिफ्टही वर आली. दार उघडलं. इतक्या महिन्यांनी ताईच्या मजल्यावर लिफ्टचा उजेड पडला.

"मिळाला पार्ट?" ताईनं विचारलं.

"पार्ट कसला, वहिनी? काही बिघडलंच नव्हतं. वायर काढून ठेवली होती, परत जोडली."

"कुणी काढली?"

त्यानं खिशातून काळ्या टेपचा तुकडा काढला. त्याचं टोक आतल्या बाजूला दुमडून छोटी घडी घातलेली होती. "हे बघा. टेप परत सोलायची असली की असं टोक दुमडून ठेवतात. आमच्या कंपनीत एवढी सवड कुणाला आहे? एक तुमचे साहेबच..." आणि तो मधेच थांबला. आपण काय बोलून बसलो ते त्याला कळलं. "काहीतरी तपासायला काढली असेल, वहिनी. विसरले असतील." चहा तसाच टाकून तो निघून गेला.

ताईच्या घरात प्रत्येक वायरला तशीच टेप आहे. इस्त्रीला, दिव्याला, तिच्या मशीनच्या पायाच्या पेडललासुद्धा. ते दुमडलेलं टोक तिनं लग्नापासून पाहिलंय. ती आत वळली. चिंचोळ्या खोलीचं दार उघडलं, चपला न काढता आत गेली, आणि तळहात भिंतीला लावला.

"छोटे, जा, लिफ्टनं एकदा खाली जाऊन वर ये."

मी गेले, आले. ती तशीच उभी होती. आजूबाजूला आडव्या पडलेल्या बाटल्या, एकीवरही धूळ नाही.

"थरथरते गं," ती म्हणाली. "खरंच थरथरते."

मला वाटलं आता ती फोडणार एखादी. माझं तर डोकं असं फिरलं होतं, की मीच दोन-चार फोडल्या असत्या. तिनं फक्त दार ओढून घेतलं, चप्पल बदलली आणि म्हणाली, "चल, तिच्याकडे जाऊ."

बटणवाली खूप खंगली होती. ताईला बघून आधी तिचे डोळे भरले. मग कपाळावर आठी आली. तिनं पाटी ओढली आणि लिहिलं, "कुठे होतीस?"

ताई तिच्या पलंगावर टेकली. तोंड उघडलं, मिटलं. मी दाराशी उभी राहून मनात म्हणत होते, सांग. सांगून टाक सगळं. हिला नाही सांगायचं तर कुणाला?

"अगं, लिफ्ट वरच्या मजल्यावर येत नव्हती," ताई म्हणाली. "पार्ट मिळत नव्हता."

बटणवालीनं तिच्याकडे टक लावून पाहिलं. फडक्यानं पाटी पुसली. सावकाश लिहिलं, "एकच मजला ना?"

"हो गं," ताई म्हणाली. "एकच."

मग बटणवालीनं पाटी बाजूला ठेवली आणि डोळे मिटून घेतले. ताईनं तिचा हात हातात घेतला. तिनं तो काढून घेतला नाही, पण धरलाही नाही.

परत आलो तेव्हा भाऊजी खालीच उभे होते. जोडीदारानं फोन केला असणार. आम्हाला बघून त्यांनी घाईघाईनं लिफ्टचं दार उघडून धरलं. हा माणूस एरवी कधी घामाघूम झालेला मी पाहिला नव्हता.

"वर चल. सगळं सांगतो," ते म्हणाले. "तुला त्रास व्हावा म्हणून नाही गं केलं. थोडे दिवसच ठेवणार होतो बंद. मग ती आजारी पडली, आणि आता सुरू केली तर तू विचारशील, की पार्ट अचानक कुठून आला. वाटलं, ती बरी होऊन स्वतःच येईल वर."

"मी तिला सांगून आले, पार्ट मिळत नव्हता म्हणून," ताई म्हणाली. "तिच्याशी मी आजवर कधी खोटं बोलले नव्हते. तिला वाटतंय, मी एक मजला उतरायचा कंटाळा केला. असं समजूनच ती जाणार. आणि खरं सांगायला मला तोंड नाही हो. काय सांगू? नवऱ्यानं बाटल्या हलू नयेत म्हणून मला कोंडून ठेवलं?"

भाऊजींच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी सांगतो," ते म्हणाले. "मी केलंय, मीच सांगतो. उद्या जातो."

"जा," ताई म्हणाली.

त्या संध्याकाळी त्यांनी चिंचोळी खोली रिकामी केली. कुणी सांगितलं नव्हतं. काही बाटल्या पलंगाखाली, काही माळ्यावर, काही उभ्याच स्वयंपाकघरात शेगडीशेजारी. घोड्या मोडल्या, थर्मामीटर उतरवलं, ताईचं मशीन उचलून परत तिच्या जागी नेऊन ठेवलं, त्यात तेलही घातलं. वीस वर्षांची राखण एका संध्याकाळी मोडली. मी खोटं बोलत नाही, मला त्यांची दया आली. वाटलं, माणूस वाईट नाही हा. चुकला, पण निस्तरतोय.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सोबत यायला सांगितलं. एकट्यानं जायचं धाडस होत नव्हतं. वाटेत ते ओठातल्या ओठात पुटपुटत होते, शाळेतलं पोर पाठांतर म्हणून बघतं तसे. बटणवाली जागी होती. ते पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले, टोपी काढून हातात धरली.

"बाई," ते म्हणाले, "लिफ्टचं असं झालं, की..."

ती बघत राहिली. नजर अगदी सरळ. पाटीला हात लावला नाही.

भाऊजींनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. घसा खाकरला. माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं.

"पार्ट मिळाला आता," ते म्हणाले. "आता येईल ती रोज."

बटणवालीनं मान हलवली आणि तोंड फिरवलं. भाऊजी टोपी घालून बाहेर पडले. रस्त्यात मला त्यांच्याकडे बघवेना. बाटल्या शेगडीशेजारी ठेवणं जमलं या माणसाला, चार शब्द बोलणं नाही जमलं.

आम्ही वर पोचलो तेव्हा बटणवालीच्या मुलीचा फोन येऊन गेला होता. आम्ही निघाल्यावर थोड्याच वेळात सगळं संपलं होतं. ताई चिंचोळ्या खोलीत मशीनपुढे बसली होती, हातात काम नव्हतं. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. तिनं भाऊजींकडे पाहिलं.

"सांगितलंत?"

"सांगितलं," भाऊजी म्हणाले.

"सगळं?"

"सगळं."

ताईनं मोठा श्वास सोडला. तिचे खांदे खाली आले. "बरं झालं," ती म्हणाली. "निदान कळलं तिला." आणि कितीतरी दिवसांनी तिनं आपण होऊन त्यांच्या हातावर हात ठेवला.

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाली गं ती?"

"काही नाही," मी म्हटलं. "मान हलवली तिनं."